आसनातून परत येताना : वाचकांच्या योगप्रश्नांना उत्तरे

गेल्या दोन महिन्यांत आलेली बरीचशी पत्रं एकाच विषयाची निघाली. चार, सहा, दहा दिवसांच्या निवासी शिबिरात जाऊन सावकाश, जुन्या पद्धतीचा योग आणि ध्यान शिकायचं आहे. पण जावं का, झेपेल का, तिथे आपलं काय होईल, असं बहुतेकांनी विचारलंय. अशी शिबिरं मी बावीस वर्षं घेते आहे. त्याआधी अकरा वर्षं शिबिरार्थी म्हणून जात होते. म्हणून या वेळचा सगळा मजकूर या पत्रांसाठीच ठेवला आहे. पत्रं थोडी आखूड केली आहेत, नावं गाळली आहेत.

ताई, मी 57 वर्षांची आहे. मैत्रिणीने सहा दिवसांच्या ‘सौम्य योग आणि ध्यान’ शिबिरात नाव घातलंय आणि मलाही चल म्हणते. मला वाकून जमिनीला हात टेकवता येत नाहीत. माझा मुलगा नियमित जिमला जातो. तो म्हणतो, ‘आई, त्यात घाम तरी येतो का? नुसतं लोळायला सहा दिवस कशाला?’ त्याचं बोलणं मनात घर करून बसलंय. हा खरा योग आहे की वय झालेल्यांसाठी काढलेली सोपी पळवाट?

घाम येणार नाही, हे आधीच सांगते. त्याची वाट बघत राहिलात तर सहाही दिवस मनात रुखरुख राहील.

पतंजलींच्या योगसूत्रांत 195 सूत्रं आहेत, आणि आसनाबद्दल थेट बोलणारी त्यांत तीनच, दुसऱ्या पादातली (प्रकरणातली) 46 ते 48. पहिल्यात म्हटलंय की आसन स्थिर आणि सुखाचं असावं. दुसऱ्यात ते कशाने साधतं ते सांगितलंय: प्रयत्न सैल केल्याने आणि मन अनंतात लीन झाल्याने. ‘प्रयत्नशैथिल्य’ असा शब्द तिथे आहे. म्हणजे जोर कमी करणं ही म्हातारपणासाठी दिलेली सूट नव्हे, ती मूळ सूचनाच आहे. आपल्याला ती वाचून ओलांडून जायची सवय लागली आहे, एवढंच.

आणखी एक गोष्ट मुलाला सांगा. आज जगभर जो जोरकस, घाम काढणारा योग शिकवला जातो, त्याचा बराच भाग तिरुमलै कृष्णमाचार्य (1888–1989) यांच्यापर्यंत पोचतो. 1930 च्या दशकात म्हैसूरच्या राजवाड्यातल्या योगशाळेत ते मुलांना आणि तरुणांना शिकवत, तेव्हाची शिकवणी वेगवान आणि कष्टाची होती. तेच कृष्णमाचार्य पुढे मद्रासला समोरच्या माणसाचं वय, आजार, श्वास पाहून एकेकाला वेगळी, सावकाश साधना देत. गुरू एकच होते. शिष्य बदलला तशी साधना बदलली. तुमच्या मुलाचं शरीर पंचविशीचं असेल तर त्याने दंड-बैठका जरूर काढाव्यात. तुमचं 57 चं आहे, त्याला त्याचं मिळू द्या.

आता ‘लोळणं’ म्हणजे प्रत्यक्षात काय असतं ते एका भुजंगासनावर दाखवते. पालथं झोपायचं, कपाळ जमिनीला, तळवे छातीच्या बाजूला, कोपरं शरीराला लागून. श्वास घेत आधी कपाळ, मग हनुवटी, मग छातीचा वरचा भाग उचलायचा. किती? तळवे जमिनीवरून बोटभर उचलून बघितले तरी शरीर होतं तिथेच राहील, इतकंच. मग कळतं की पाठ काम करते आहे, हात नव्हे. बहुतेकांची उंची या कसोटीत निम्म्यावर येते. तिथे दोन-तीन श्वास थांबायचं. आणि मग खरी गोष्ट, परतणं. श्वास सोडत सोडत आधी छाती, मग हनुवटी, मग कपाळ. श्वास संपायच्या क्षणी कपाळ टेकलं पाहिजे, आधी नाही आणि नंतर नाही. नव्या माणसांपैकी जवळजवळ सगळेच वर छान जातात आणि येताना धपकन पडतात. टेकल्यावर मकरासनात गाल हातावर ठेवून पडून राहायचं. त्या वेळी जमिनीतून स्वतःच्या छातीचे ठोके ऐकू येतात. ते मंदावेपर्यंत पुढचं आसन नाही.

माझ्या शिबिरात सकाळच्या सत्तर मिनिटांत आठच आसनं होतात. उरलेला वेळ असा परतण्यात आणि थांबण्यात जातो. त्याला लोळणं म्हणायचं असेल तर म्हणू द्या, पण मुलाला एकदा हे भुजंगासन करायला सांगा. श्वासाच्या मापात खाली येणं त्याच्या दंडालाही नवं वाटेल.

हे मी इतक्या आग्रहाने का लिहिते, त्याला कारण आहे. मी 34 वर्षांची होते. एका शिबिरात पश्चिमोत्तानासनात, म्हणजे पाय पसरून बसून पुढे वाकताना, माझं कपाळ गुडघ्यांपासून चार बोटं वर राहिलं होतं. शिकवणाऱ्यांनी मागून येऊन पाठीवर दोन्ही हात ठेवले आणि दाबलं. मीही ‘होऊ दे आज’ म्हणून श्वास रोखून धरला. डाव्या बाजूला, ज्या हाडावर आपण बसतो त्याच्या अगदी लागून, काहीतरी टक्‌ झालं. कपाळ टेकलं. आजूबाजूच्यांनी कौतुकही केलं. मांडीच्या मागचा स्नायू हाडाला जिथे जोडलेला असतो, तिथे इजा झाली होती. पुढचे चौदा महिने मला कुठल्याही खुर्चीवर दहा मिनिटांच्या वर बसता येत नव्हतं. ज्या आसनासाठी हे सगळं, ते ध्यानाला बसणंच माझ्यापासून गेलं. तेव्हापासून मी कुणाच्याही पाठीवर हात ठेवून दाबलेलं नाही आणि कुणाला दाबूही देत नाही. तुम्हीही देऊ नका. ‘हात लावू नका’ असं पहिल्या दिवशीच स्पष्ट सांगून ठेवा. चांगला शिक्षक त्याचा राग मानत नाही.

जमिनीला हात टेकत नाहीत ना? गुडघे थोडे वाकवा, टेकतील. जा तुम्ही शिबिराला.

मॅडम, वय 63. उजव्या गुडघ्याची गादी फाटलेली आहे, शस्त्रक्रिया नको असं डॉक्टरांनी सांगितलंय. मांडी घालता येत नाही. मागच्या शिबिरात पन्नास जण खाली बसलेले आणि मी एकटा मागे खुर्चीवर. फार ओशाळल्यासारखं झालं. शेवटी हट्टाने खाली बसलो, तर दोन आठवडे गुडघा सुजला. मांडी न घालता ध्यान लागतं का?

लागतं. पद्मासन न जमणारी माणसं ध्यानात खोल गेलेली मी पाहिली आहेत, आणि सुंदर पद्मासनात अर्धा तास चुळबुळ करणारीही.

तुमच्या गुडघ्याचं काय झालं असेल ते समजून घ्या, म्हणजे पुन्हा हट्ट होणार नाही. मांडी घालताना खरं तर खुब्याचा सांधा बाहेरच्या बाजूला फिरायला हवा. काहींचा तो फिरतो, काहींचा हाडांच्या घडणीमुळेच फारसा फिरत नाही. खुबा फिरला नाही आणि आपण पाऊल ओढून वर घेतलं, की तो पीळ खाली गुडघ्यात उतरतो. गुडघा हा मुख्यतः बिजागरीसारखा सांधा, तो पीळ त्याला सोसत नाही आणि गादी चिमटते. बाकीचे पन्नास जण तुमच्यापेक्षा मोठे साधक नव्हते, त्यांचे खुबे वेगळे होते.

खुर्ची निवडताना बघा की बैठक सपाट आहे, मागे उतरती नाही. पुढच्या अर्ध्या भागात बसा, पाठ टेकू नका. पावलं पूर्ण जमिनीवर, गुडघे खुब्याच्या किंचित खाली. पाय पोचत नसतील तर पावलांखाली घडी केलेली घोंगडी घ्या. तळवे मांडीवर, पण इतके पुढे नकोत की खांदे ओढले जातील. पाठ दमली तर वीस मिनिटांनी खुशाल टेका, फक्त कमरेच्या खोलगट भागात टॉवेलची गुंडाळी ठेवा.

आणि मागे बसू नका. खुर्ची पहिल्या रांगेत, भिंतीकडेच्या टोकाला ठेवून मागा. कुणाची नजर अडत नाही आणि तुम्हाला शिक्षक दिसतात. माझ्या शिबिरात पहिल्या सकाळी मी स्वतः खुर्चीवर बसून ध्यान घेते. दुसऱ्या दिवशी न सांगता आणखी चार-पाच जण खुर्च्या ओढून घेतात. ते सगळे आदल्या दिवशी दात-ओठ खाऊन खाली बसलेले असतात.

खाली बसणाऱ्यांसाठीही एक गोष्ट इथेच सांगून टाकते. बैठकीखाली घोंगड्यांच्या घड्या चढवत जा, गुडघे खुब्याच्या खाली येईपर्यंत. गुडघे अधांतरी असतील तर त्यांच्याखालीही घडी द्या. पायाला मुंग्या येतात त्या नस दाबली गेल्याने. जाणीव परत आल्याशिवाय उभं राहू नका, बधिर पावलावर भार टाकून घोटा मुरगळलेले लोक दर वर्षी एक-दोन तरी असतातच.

ताई, हे कुणालाच सांगितलेलं नाही. वय 41. चार दिवसांच्या मौन शिबिरात तिसऱ्या दिवशी शवासनात मला रडू फुटलं आणि थांबेचना. कारण काहीच नव्हतं. घरी सगळं ठीक आहे. संध्याकाळच्या ध्यानात पुन्हा तेच. शिक्षकांना विचारलं तर ते म्हणाले, ‘जुनी कर्मं बाहेर पडताहेत, चांगलं आहे, बसून राहा.’ मला ते चांगलं वाटलं नाही. परत आल्यावर आठवडाभर उदास होते. माझ्यात काही बिघाड आहे का? पुन्हा जाऊ की नको?

तुम्ही लिहिलंत हे फार बरं केलंत.

शिबिरात रडू येणं नेहमीचं आहे, आणि तिसरा दिवस तर माझ्या अनुभवात त्याचाच असतो. पहिल्या दिवशी आपण नवलाईत असतो. दुसऱ्या दिवशी अंग दुखतं, झोप येते. तिसऱ्या दिवसापर्यंत बोलणं थांबलेलं, फोन बंद, कुणाचं काही करायचं नाही. एरवी सकाळपासून रात्रीपर्यंत हाताशी काही ना काही असतं, त्यामुळे जे मागे राहतं त्याला तेव्हा वाट मिळते. कारण दिसलं नाही म्हणून ते खोटं नव्हे.

माझे वडील गेल्यानंतर दोन वर्षांनी मी एका शिबिरात होते. दोन वर्षांत मी रडले नव्हते. कागदपत्रं, आईची आजारपणं, सगळं नीट उरकलं होतं. चौथ्या दिवशी शवासनात शेजारी कुणीतरी चष्म्याची डबी मिटली. त्या ‘टप्‌’ आवाजाला मी उठून बसले. रोज रात्री दिवा मालवण्याआधी बाबा त्यांची डबी मिटत, तो आवाज होता तो. त्या दिवशी जे रडले ते दोन तास. आमच्या मार्गदर्शक बाई आल्या, शेजारी बसल्या, काही बोलल्या नाहीत. थोड्या वेळाने एवढंच म्हणाल्या, ‘चल, बाहेर एक फेरी मारू.’ चाललो. पाय जमिनीवर पडत होते हे जाणवलं तेव्हा श्वास खाली बसला.

त्यांनी केलं ते तुमच्या शिक्षकांनी करायला हवं होतं. रडणाऱ्या माणसाला अर्थ सांगू नये. आणि ‘बसून राहा’ हा सल्ला प्रत्येक वेळी बरोबर नसतो. डोळे मिटून आत बघत राहिल्याने काही वेळा ते भरतीसारखं वाढत जातं. असं झालं तर डोळे उघडा. समोरच्या खिडकीची चौकट, चटईचा रंग, कुणाच्या शालीची किनार, जे दिसेल ते मनात नाव घेऊन बघा. तळपाय जमिनीवर घट्ट टेकवा. तरीही उतरलं नाही तर उठा आणि चाला. याने साधना मोडत नाही.

आता थोडं गंभीर. रडू येऊन ओसरणं वेगळं, आणि काही गोष्टी वेगळ्या. सलग दोन रात्री झोप न लागणं आणि तरीही दमल्यासारखं न वाटणं, विचार वेगाने धावणं, आपण किंवा आजूबाजूचं जग खरं नाही असं वाटत राहणं, कानात कुणी बोलल्यासारखं होणं, जुना भयंकर प्रसंग पुन्हा घडतोय असं वाटून अंग थरथरणं, जगू नये असं वाटणं, यातलं काहीही झालं तर ध्यान तिथल्या तिथे थांबवायचं, शिबिर सोडायचं आणि मानसोपचारतज्ज्ञांना भेटायचं. ज्यांना आधी तीव्र नैराश्य, उन्माद किंवा भास होऊन गेले आहेत, किंवा ज्यांच्यावर अलीकडेच मोठा आघात झाला आहे, त्यांनी लांब मौन शिबिराआधी आपल्या डॉक्टरांशी बोलावं, आणि शिबिर घेणाऱ्यांनाही खरं सांगावं. औषधं चालू असतील तर एक दिवसही चुकवायची नाहीत. ‘इथे आल्यावर गोळ्या लागणार नाहीत’ असं सांगणाऱ्या ठिकाणी पाऊल टाकू नका. हे मी कितीही वेळा लिहायला तयार आहे.

तुमच्या पत्रात यातलं काही दिसत नाही. तुमच्यात बिघाड नाही. पण ती आठवडाभराची उदासी दोन आठवड्यांच्या वर रेंगाळली असेल, किंवा अजून असेल, तर जवळच्या डॉक्टरांना जरूर दाखवा. पुन्हा जायचं की नाही ते तीन-चार महिन्यांनी ठरवा. गेलात तर दोन दिवसांचं, पूर्ण मौन नसलेलं, आणि जिथे आसनं जास्त नि डोळे मिटून बसणं कमी आहे असं शिबिर निवडा. नाव घालण्याआधी फोन करून विचारा: ‘ध्यानात कुणाला त्रास झाला तर तुम्ही काय करता?’ या प्रश्नाला ज्यांच्याकडे साधं, स्पष्ट उत्तर आहे, तिथे जा.

मला उच्च रक्तदाब आहे (गोळी चालू) आणि नुकताच काचबिंदू निघाला. शिबिराच्या दिनक्रमात शीर्षासन, कपालभाती, भस्त्रिका, कुंभक (श्वास रोखून धरणं) असं सगळं आहे. ‘हळूहळू करा, काही होत नाही’ म्हणतात. वय 49.

नको. चारही नकोत, हळूहळूही नकोत.

शीर्षासनात डोळ्याच्या आतला दाब जवळजवळ दुप्पट होतो. निरोगी डोळ्यालाही तो वाढतोच, पण काचबिंदूत डोळ्याची नस आधीच त्या दाबाने खराब होत असते. सर्वांगासन, हलासन, अधोमुख श्वानासन, म्हणजे ज्यात ज्यात डोकं हृदयाच्या खाली जातं ती सगळी बाजूला ठेवा. उभं राहून पूर्ण खाली वाकणंही नको. शौचाला, ओझं उचलताना जसा श्वास कोंडून जोर लावतो, तसा कुठल्याच आसनात लावू नका. रक्तदाबासाठी कुंभक आणि जोराचे, झटक्याचे श्वास वर्ज्य.

मग उरतं काय? बरंच उरतं. सूक्ष्म व्यायाम, उभ्याने ताडासन, बसून हलके पीळ, पाठीवर झोपून एकेका पायाचं पवनमुक्तासन, श्वास न कोंडता नाडीशोधन (आलटून पालटून एकेका नाकपुडीने श्वास), भ्रामरी (श्वास सोडताना गुंजन), शवासन. मिनिटाला साधारण सहा श्वास, सोडणं घेण्यापेक्षा थोडं लांब, असा दहा मिनिटांचा श्वास रक्तदाबाच्या माणसाला मानवतो. शवासनातून कुशीवर वळा, तिथे पाच श्वास थांबा, मग हाताच्या आधाराने बसा आणि मगच उभे राहा. गोळी घेणाऱ्यांना एकदम उठल्यावर घेरी येते.

हठयोगप्रदीपिका या जुन्या योगग्रंथात प्राणायामाबद्दल म्हटलंय की सिंह, हत्ती, वाघ जसे हळूहळूच वश होतात तसाच वायूही, नाहीतर तो साधकालाच मारतो. लिहिणारे स्वात्माराम काही भित्रे नव्हते. ‘काही होत नाही’ म्हणणाऱ्यांना डोळ्यांच्या डॉक्टरांची चिठ्ठी दाखवा. ऐकलं नाही तर ते शिबिर सोडून द्या.

(हाडं ठिसूळ झालेल्या भगिनींसाठी एक वाक्य: तुमचा धोका वेगळा आहे. पाठ गोल करून पुढे वाकू नका, त्याने मणका दबून मोडू शकतो.)

शिबिराच्या तारखांमध्ये पाळी येणार आहे. नाव मागे घेऊ का?

घेऊ नका. त्या दिवसांत काय करायचं ते तुमचं शरीर सांगेल तसं. पोट आत ओढून धरणाऱ्या क्रिया आणि शरीर उलटं करणारी आसनं मी तेवढे दिवस वगळायला सांगते. लोडावर पाठ टेकून, तळपाय एकमेकांना जुळवून, गुडघ्यांखाली उशा देऊन केलेलं सुप्त बद्धकोणासन बहुतेकींना आराम देतं. ध्यानाला सगळ्यांबरोबर बसा. सभागृहाबाहेर बसायला सांगणाऱ्या शिबिरात मी माझ्या मुलीला पाठवणार नाही.

योगनिद्रा सुरू झाली की तिसऱ्या मिनिटाला मी घोरतो, असं शेजारी सांगतात. संकल्प, शरीरभर लक्ष फिरवणं, काहीच ऐकलेलं नसतं. फायदा होतो का?

झोपेचा फायदा होतो, आणि तुम्हाला सध्या तीच हवी असावी. शिबिरात येणारी बहुतेक माणसं झोपेची उधारी घेऊन येतात. पहिले दोन दिवस झोपा. तिसऱ्या दिवसापासून एक युक्ती करा: उजवं कोपर जमिनीवर टेकवून पुढचा हात सरळ उभा ठेवा. डोळा लागला की हात पडतो आणि आपण जागे होतो. शवासनाचा सगळा सैलपणा यात मिळत नाही, पण जागेपण आणि झोप यांमधली ती चिंचोळी पट्टी ओळखीची होते. घोरणं थांबलं की हात खाली ठेवा.

दहा दिवसांची विपश्यना करावी की सौम्य योगशिबिर? दोन्हीत ध्यान आहे, मग फरक काय?

फरक मोठा आहे. सत्यनारायण गोयंका यांनी 1969 पासून भारतात शिकवलेल्या विपश्यनेचं दहा दिवसांचं शिबिर म्हणजे पहाटे चारला घंटा, दिवसभरात सुमारे दहा तास बैठक, पूर्ण मौन. तिथे आसनं, प्राणायाम, जप, दुसरी कुठलीही साधना त्या दिवसांपुरती बंद ठेवावी लागते, कारण एकच पद्धत निखळ करून बघायची असते. त्या नियमाचा मी आदर करते. योगशिबिरात दिवस शरीरातून ध्यानाकडे जातो: आसन, मग श्वास, मग वीस-तीस मिनिटं बसणं, पुन्हा चालणं, पुन्हा बसणं.

याआधी कधीच अर्धा तास शांत बसला नसाल, किंवा पाठ-गुडघ्यांची तक्रार असेल, तर आधी योगशिबिर करा. बसायला शिकलेलं शरीर घेऊन गेलात तर ते दहा दिवस निव्वळ दुखणं सोसण्यात जाणार नाहीत. दोन्हींची सरमिसळ मात्र करू नका, जिथे असाल तिथलंच करा.

शिबिरातून आलं की पंधरा दिवस छान जातात. मग सगळं सुटतं. चार वेळा झालं. आता जायलाच नको वाटतं.

तुम्ही घरी काय करायचा प्रयत्न करता, ते लिहिलं नाहीत, पण मला अंदाज आहे: शिबिरातला दीड तास जसाच्या तसा. तो टिकत नाही. तिथे कुणीतरी घंटा वाजवत होतं, स्वयंपाक दुसऱ्याच्या हाती होता.

शिबिर संपायच्या आदल्या संध्याकाळी मी प्रत्येकाला कागद देते. त्यावर तीनच आसनं लिहायची, सहा दिवसांत ज्यांच्यातून परत येताना अंग सर्वांत निवलं ती. कठीण वाटलेली नाहीत आणि ‘करायला हवीत’ अशीही नाहीत. तीन आसनं, पाच मिनिटं श्वास, पाच मिनिटं बसणं, वीस मिनिटांत आटोपतं. जागा आणि वेळ एकच ठेवा. सतरंजी गुंडाळून कपाटात घालू नका, कोपऱ्यात उभी दिसत राहू द्या. एखादा दिवस चुकला तर दुसऱ्या दिवशी दुप्पट करायचं नाही. आणि ज्या दिवशी काहीच होणार नाही असं वाटेल त्या दिवशी फक्त शवासन, सात मिनिटं. हठयोगप्रदीपिकेत वर्णन केलेल्या पंधरा आसनांत शवासनही आहे, थकवा हरणारं आणि चित्ताला विसावा देणारं म्हणून. तेवढं केलंत तरी त्या दिवशी साधना झाली, वहीत तशी नोंद करा.

मला लहानपणापासून फार कमी ऐकू येतं. श्रवणयंत्र आहे, पण झोपल्यावर ते शिट्टी मारतं म्हणून काढावं लागतं. डोळे मिटले की सूचना बंद. सगळे उठून बसलेले असतात आणि मी एकटी शवासनात पडलेली. मौन शिबिर मला मनापासून करायचं आहे. काय करू? वय 36.

तुमचं पत्र मी चार दिवस टेबलावर ठेवलं होतं. इतकी वर्षं शिकवूनही माझ्या शिबिरात डोळे मिटल्यानंतरचं सगळं कानावरच चालतं, हे मला त्यामुळे पहिल्यांदा दिसलं.

मग मी माझ्या एका विद्यार्थिनीबरोबर, तिने कानात बोळे घालून, दोन सकाळी करून पाहिलं. जे जमलं ते लिहिते. शिक्षकांकडून आदल्या रात्री दुसऱ्या दिवशीचा क्रम कागदावर मागून घ्या: कुठलं आसन, किती श्वास, नंतर काय. शिक्षकांच्या अगदी जवळ, तिरप्या कोनात सतरंजी घाला, म्हणजे मान न वळवता ते दिसतील. किती वेळ थांबायचं ते शब्दांत नको, श्वासांत ठरवा. आठ श्वास म्हटले की तुम्हाला कुणाच्या आवाजाची गरज उरत नाही. शवासन संपल्याची खूण आधी ठरवून घ्या: शिक्षकांनी पावलाच्या पंज्यावर तळवा ठेवायचा आणि तीन श्वास तसाच ठेवायचा. टिचकी मारायची नाही किंवा हलवायचं नाही, दचकायला होतं. विद्यार्थिनी म्हणाली, घंटेपेक्षा हे बरं.

आणि भ्रामरी अवश्य करा. एक तळवा छातीच्या मधल्या हाडावर, दुसरा डोक्यावर. ओठ मिटून, दात किंचित विलग ठेवून, श्वास सोडताना खालच्या पट्टीत गुंजन धरा. पट्टी हळूहळू वर नेलीत की थरथर छातीतून गळ्यात, गळ्यातून गालांच्या हाडांत आणि मग वरच्या तळव्याखाली येते. आम्ही बाकीचे कानाने ऐकण्यात गुंतलेलो असतो, त्यामुळे हा प्रवास आमच्या हाताला फार उशिरा कळतो.

पुढच्या शिबिरात तुमच्यासाठी पहिल्या रांगेत, माझ्या उजव्या हाताला सतरंजी घातलेली असेल. क्रमाचा कागद मी सगळ्यांनाच देणार आहे.